निकालपत्रकात न मावणारे शिक्षण

(हिनकल, म्हैसूर येथे कामगार पालकांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



हुनसूर रस्त्यावरचे हे हिनकल एके काळी म्हैसूरच्या वेशीबाहेरचे खेडे होते. आज ते शहरात पुरते मिसळून गेले आहे. चौकावर उड्डाणपूल उभा आहे, हेब्बाळ आणि हुटगळ्ळी येथील कारखान्यांच्या पाळ्या सुटल्या की हा रस्ता माणसांनी भरून जातो, आणि त्या गर्दीत निपाणी, बेळगाव, कोल्हापूर अशा भागांतून पोटासाठी इकडे आलेली तुमच्यासारखी मराठी कुटुंबेही असतात. सभा सुरू होण्यापूर्वी तुमच्यापैकी चार-पाच जणांनी मला एकच प्रश्न विचारला : "गुरुजी, इथे जवळपास कोणत्या शाळेचा निकाल चांगला लागतो?"

या प्रश्नाची मी थट्टा करणार नाही. ज्याच्या घरी शेत नाही, दुकान नाही, वशिला नाही, त्याच्या मुलाला दहावीचा दाखला हाच पुढचा दरवाजा असतो. कारखान्याच्या फाटकावर कंत्राटदार पहिली विचारणा करतो ती त्या कागदाची. ज्यांच्या मुलांना वडिलोपार्जित धंद्याची गादी आयती मिळते, त्यांनी गुणांची चिंता करू नका असा उपदेश कामगाराला करणे हा शुद्ध दांभिकपणा आहे. गुण लागतात आणि ते आपल्या मुलांनी मिळवलेच पाहिजेत.

तरीही आज मला या प्रश्नापाशी थोडे थांबावयाचे आहे. कारण शाळेत दहा वर्षे घालवून मूल काय होऊन बाहेर पडते, हे निकालपत्रक सांगत नाही. आणि ते न सांगितल्यामुळे सर्वांत अधिक नुकसान होते ते तुमच्या-आमच्या मुलांचे. हे कसे घडते, ते मी क्रमाने मांडतो.

निकालाचा उगम खजिन्यात

शाळेचे मोल निकालावर ठरवावे ही कल्पना शिक्षकांच्या डोक्यातून निघालेली नाही. तिचा उगम सरकारी खजिन्याच्या हिशेबात आहे. १८६२ साली इंग्लंडमध्ये रॉबर्ट लो या मंत्र्याने गरिबांच्या शाळांसाठी नवे अनुदान-नियम अंमलात आणले. इन्स्पेक्टर वर्षातून एकदा शाळेत येणार, मुलांची वाचन, लेखन आणि अंकगणित या तीन विषयांत परीक्षा घेणार, आणि जितकी मुले उत्तीर्ण होतील तितके अनुदान शाळेला मिळणार. सरकारचा खर्च आटोक्यात ठेवणे हा त्यातला मोठा हेतू होता.

परिणाम काय झाला? ज्या विषयांना पैसे मिळत नाहीत ते विषय शिक्षकांनी बाजूला सारले. इतिहास, भूगोल, निसर्गाचे ज्ञान मागे पडले. इन्स्पेक्टर विचारील तेवढीच पाने मुलांकडून घोकून घेण्यात येऊ लागली. कवी मॅथ्यू आर्नोल्ड हे स्वतः शाळा-इन्स्पेक्टर होते. त्यांनीच या यांत्रिक पद्धतीवर कडाडून टीका केली. अखेर १८९० नंतरच्या दशकात ती इंग्लंडमध्ये मोडीत निघाली. परंतु तोपर्यंत निकालानुसार अनुदान देण्याचा हा प्रघात साम्राज्याच्या जहाजातून हिंदुस्थानातही पोचला होता. इकडे १८५७ साली मुंबई, मद्रास आणि कलकत्ता येथे विद्यापीठे निघाली, त्यांच्या मॅट्रिकच्या परीक्षा सुरू झाल्या, आणि मॅट्रिक पास म्हणजे सरकारी कचेरीत नोकरी हे समीकरण आपल्या समाजाच्या हाडीमाशी खिळले. ते राज्य गेले. समीकरण मात्र राहिले.

जोतीरावांची साक्ष

त्याच काळात एका माणसाने शिक्षणाचा हेतू काय असावा, हे राज्यकर्त्यांना तोंडावर सांगितले होते. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे आपले निवेदन सादर केले. सरकारी तिजोरीत पैसा येतो तो रयतेच्या घामाचा, आणि शिक्षणावर खर्च होतो तो वरच्या वर्गांसाठी, हा त्यांचा पहिला आरोप होता. प्राथमिक शिक्षण निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचे करावे, ही त्यांची मागणी होती.

मला येथे लक्ष वेधावयाचे आहे ते त्यांनी सुचवलेल्या अभ्यासक्रमाकडे. मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण हे तर त्यात आहेच. त्याशिवाय शेतीचे मूलभूत ज्ञान, नीती आणि आरोग्य यांचे धडे असावेत असे जोतीरावांनी सांगितले. आणि शिक्षक कसा असावा? शक्यतो कुणब्याच्या घरातून आलेला असावा. वेळ पडल्यास नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हाती धरण्याची ज्याला लाज वाटणार नाही असा असावा.

मित्रहो, हा विचार नीट ध्यानात घ्या. श्रम करणाऱ्यांच्या मुलाने शाळेत जाऊन श्रमाला तुच्छ मानायला शिकावे, आपल्या आईबापांना अडाणी समजावे, हे जोतीरावांना मंजूर नव्हते. कुलकर्ण्याच्या दप्तरात आणि सावकाराच्या वहीत काय लिहिले आहे ते शेतकऱ्याला कळावे, जमिनीचे आणि शरीराचे शास्त्र त्याला समजावे, आणि हे समजून त्याने ताठ मानेने उभे राहावे, यासाठी त्यांना शाळा हवी होती.

छाट

आता मी माझ्या डोळ्यांपुढची एक गोष्ट सांगतो. मी निपाणीकडचा. तिकडे तंबाखू आणि विडी हाच अनेक घरांचा आधार. स्त्रिया घरी विड्या वळतात आणि कारखान्यात नेऊन मोजून देतात. तेथे तपासणारा काही विड्या वाईट म्हणून बाजूला काढतो. तिला छाट म्हणतात. त्या विड्यांची मजुरी मिळत नाही.

आमच्या वर्गात एका विडी कामगार बाईची मुलगी होती. शाळेपूर्वी दोन तास आणि शाळेनंतर तीन तास ती आईबरोबर पाने कापायला बसे. नववीत गणितात ती सतत मागे पडे. शेकडेवारीचे उदाहरण फळ्यावर घातले की तिची नजर खाली जाई. एक दिवस ती एक मळकी वही घेऊन माझ्याकडे आली. तीन महिन्यांची आईची रोजची विडी, रोजची छाट आणि मिळालेली मजुरी तिने त्या वहीत मांडली होती. हजारी साठ म्हणजे शेकडा सहा, हे तिने स्वतः काढले होते. ज्या आठवड्यात पाने हलकी मिळाली त्या आठवड्यात छाट वाढली, हेही तिने टिपले होते. तिचा प्रश्न असा होता : "गुरुजी, पानं त्यांनीच वाईट द्यायची आणि पैसे आईचे कापायचे, हे बरोबर आहे का?"

मित्रहो, गणित, अर्थशास्त्र आणि न्याय हे तिन्ही विषय त्या एका वहीत होते. पण वार्षिक परीक्षेत विड्यांचा हिशेब विचारीत नाहीत. ती नापास झाली. एरवी तिला वरच्या वर्गात घालता आले असते. परंतु पुढच्या वर्षी शाळेचा दहावीचा निकाल खाली येईल, या भीतीने तिला नववीतच ठेवण्याचा निर्णय झाला. तो निर्णय झाला त्या बैठकीत मी हजर होतो. मी बोललो, पण पुरेसे ठामपणे बोललो नाही. ती मुलगी पुढच्या जूनमध्ये शाळेत आली नाही. त्या शाळेच्या फलकावर दुसऱ्या वर्षी शंभर टक्के निकालाची अक्षरे रंगवली गेली.

शंभर टक्के निकाल कसा लागतो, हे तुम्हांला आता कळले असेल. वाईट दिसतील ती मुले आधीच बाजूला काढावयाची. विडीच्या कारखान्यात जी छाट असते तीच शाळेत असते. आणि छाटली जातात ती मुले बहुधा कोणाची असतात? ज्यांच्या घरी अभ्यासाला कोपरा नाही, शिकवणीला पैसे नाहीत, संध्याकाळी हात रिकामे नाहीत, त्यांची. परीक्षा सर्वांना एकच प्रश्नपत्रिका देते म्हणून ती समान वाटते. प्रश्नपत्रिकेपर्यंत कोण कसा पोचला, हे मात्र ती विचारीत नाही.

एका पंगतीतील शाळा

शाळेने आणखी काय द्यावे, याचे उत्तर आपल्याच इतिहासात आहे. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली मध्यवर्ती कायदे मंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले. १९१२ साली ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळण्यात आले. परंतु संस्थानांत वेगळे वारे वाहत होते. येथील म्हैसूर संस्थानाने १९१३ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला.

त्याहून महत्त्वाचे पाऊल त्यांनी १९१९ साली टाकले. अस्पृश्य मानलेल्या मुलांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना इतरांच्याच शाळांत बसवण्याचा हुकूम त्यांनी काढला. परीक्षेच्या दृष्टीने पाहिले तर वेगळ्या शाळेतही बाराखडी शिकवता येते, पाढेही म्हणून घेता येतात. मग एकत्र बसवण्याचा अट्टाहास कशासाठी? कारण शेजारच्या पाटावर बसलेला मुलगा आपल्यासारखाच माणूस आहे, हा धडा एकाच खोलीत बसल्याखेरीज शिकता येत नाही. तो कोणत्याही प्रश्नपत्रिकेत येत नाही.

त्याच १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटील यांनी काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ पासून साताऱ्याच्या त्यांच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहू लागली आणि एका पंगतीत जेवू लागली. मुलांनी स्वयंपाक करावा, शेतात राबावे आणि त्या श्रमातून आपल्या शिक्षणाचा खर्च उभा करावा, ही 'कमवा आणि शिका' योजना म्हणजे केवळ पैशाची तजवीज नव्हती. ज्या समाजात हाताने काम करणारा खालचा आणि पुस्तक धरणारा वरचा मानला जातो, त्या समाजाच्या पायालाच ती हात घालीत होती. तिकडे रशियन क्रांतीनंतर १९२० साली मकारेंको यांनी युक्रेनमधील पोल्टावाजवळ अनाथ, भटक्या, गुन्हेगार ठरवलेल्या मुलांची वसाहत उभारली, तीही सामूहिक श्रम आणि सामूहिक जबाबदारी यांच्याच बळावर. परिस्थिती वेगळी, देश वेगळा. पण मुलाला समूहाचा जबाबदार घटक केल्याशिवाय शिक्षण पुरे होत नाही, हा अनुभव एकच.

तुमच्या शेजारचा प्रयोग

हे सारे दूरचे वाटत असेल तर तुमच्या अगदी जवळ चला. येथून थोड्याच अंतरावर मानसगंगोत्रीच्या परिसरात एक शाळा आहे. तिच्या नावात 'मल्टिपर्पज' हा शब्द आहे. रोज तिच्यावरून जाणाऱ्यांपैकी किती जणांना त्या शब्दाचा इतिहास ठाऊक आहे?

स्वातंत्र्यानंतर १९५२-५३ साली डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या अध्यक्षतेखाली माध्यमिक शिक्षण आयोग बसला. शाळेचे सर्व काम परीक्षेच्या दावणीला बांधले गेले आहे, असे निदान त्या आयोगाने केले. उपाय म्हणून बहुउद्देशीय शाळा सुचवल्या. एकाच शाळेत भाषा आणि विज्ञान यांच्या जोडीला शेती, तांत्रिक शिक्षण, वाणिज्य, ललित कला आणि गृहविज्ञान असावे, म्हणजे प्रत्येक मुलाला आपल्या कलाप्रमाणे वाढता येईल. अशा शाळांना शिक्षक लागणार म्हणून १९६३ साली अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर आणि म्हैसूर येथे चार प्रादेशिक शिक्षण महाविद्यालये निघाली आणि त्यांना प्रात्यक्षिकासाठी शाळा जोडण्यात आल्या. तीच ही शाळा.

ती संस्था आजही शिक्षक घडवीत आहे. परंतु देशभरातील बहुउद्देशीय शाळांची योजना पुढे विरत गेली. कारणे उघड होती. कार्यशाळेला यंत्रे लागतात, शेतीला जमीन लागते, प्रशिक्षित शिक्षकाला पगार लागतो. सरकारांनी पाट्या लावल्या, पैसा पुरवला नाही. दुसरे कारण अधिक खोल होते. विद्यापीठाचा दरवाजा जुन्याच परीक्षेने उघडत होता. त्यामुळे हाताने शिकावयाचे विषय कमी बुद्धीच्या मुलांचे समजले गेले. समाजातील उच्चनीच भाव जशाचा तसा ठेवून केवळ शाळेत तो मिटवता येत नाही, हा या प्रयोगाचा धडा आहे.

१९६४-६६ च्या कोठारी आयोगाने हाच धागा पुढे नेला. कार्यानुभव, परिसरातील सर्व मुलांसाठी समान शाळा, आणि राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्च शिक्षणावर, या त्याच्या शिफारशी. ते ६ टक्के आजवर एकदाही गाठले गेलेले नाहीत. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तोच आकडा पुन्हा लिहून ठेवला आहे.

आज काय चालले आहे

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत कोणत्याही मुलाला नापास करून मागे ठेवू नये, तसेच प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत बोर्डाच्या परीक्षेची सक्ती करू नये, असे ठरवले. मुलाचे सर्वांगीण आणि सातत्यपूर्ण मूल्यमापन व्हावे, अशी त्यामागची दृष्टी होती. मात्र त्यासाठी लागणारे शिक्षक आणि साधने दिली नाहीत, आणि मग मुले शिकत नाहीत म्हणून दोष दिला गेला न नापास करण्याला. २०१९ साली कायदा बदलला. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्राने आपल्या नियमांत पाचवी आणि आठवीत मुलाला मागे ठेवण्याची वाट मोकळी केली.

येथे कर्नाटकात २०२३-२४ या वर्षी पाचवी, आठवी आणि नववीच्या मुलांना राज्य पातळीवरील परीक्षेला बसवण्यात आले. प्रकरण उच्च न्यायालयात गेले, तेथून सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते निकाल रोखले. दहा-अकरा वर्षांच्या लेकरांचा वर्षभराचा जीव कोर्टाच्या तारखांवर टांगला गेला!

दुसरीकडे पाहा. अभ्यासाचा बोजा हलका करण्याच्या नावाखाली राष्ट्रीय परिषदेच्या दहावीच्या पुस्तकांतून २०२२-२३ च्या सुमारास काय वगळले गेले? विज्ञानातून उत्क्रांतीचा सिद्धांत, आणि राज्यशास्त्रातून लोकलढे आणि चळवळी यांवरील प्रकरण. परीक्षेचा ताण तसाच राहिला. कमी झाला तो विचार करावयास लावणारा मजकूर. ज्या समाजाला शाळेत फक्त निकाल दिसतो, त्याच्या पुस्तकातून पाने काढून घेणे फार सोपे असते. ती पाने गेल्याने मुलाचे गुण कमी होत नाहीत, म्हणून कोणी तक्रार करीत नाही.

शेजाऱ्याची भाषा

आणखी एक गोष्ट तुमच्या घरातली. तुमचे मूल घरी मराठी बोलते, गल्लीत कन्नड बोलते आणि शाळेत इंग्रजी घोकते. निकालपत्रकावर भाषा म्हणजे शंभर गुणांचा एक रकाना. परंतु मराठी आणि कन्नड भाषिकांना सीमेच्या प्रश्नावरून एकमेकांविरुद्ध उभे केले जाते, तेव्हा दोन्ही भाषा मनापासून येणारा मुलगा हा दोन्ही बाजूंच्या कामगारांमधला पूल असतो. आजीच्या ओव्या कळाव्यात म्हणून मराठी टिकवा. शेजाऱ्याचे सुखदुःख कळावे म्हणून कन्नड प्रेमाने शिकू द्या. याच म्हैसूर विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले थोर कवी कुवेंपू यांचा विचार तर तुमच्या मुलांना शाळेत भेटेलच. प्रत्येक मूल जन्मतः विश्वमानव असते, जात-धर्म-पंथाची कुंपणे त्याला लहान करतात, आणि त्याला पुन्हा मोठे करणे हे शिक्षणाचे काम आहे, असे ते मानीत. आमच्या जोतीरावांचे आणि त्यांचे म्हणणे किती जवळचे आहे, हे दोन्ही भाषा जाणणाऱ्या मुलालाच उमगेल.

पालकांनी काय विचारावे

केवळ टीका करून सभा संपवणे योग्य होणार नाही. शिक्षण हक्क कायद्याने शाळेच्या कारभारात पालकांना स्थान दिले आहे. सरकारी शाळांच्या देखरेख समित्यांत तीन-चतुर्थांश सभासद पालक असावेत, असे कायदा सांगतो. त्या बैठकीला पाळी बदलून घेऊनही जा आणि पुढील गोष्टी विचारा.

पहिली : पहिलीत किती मुले आली होती आणि त्यांपैकी किती दहावीपर्यंत पोचली? मधली कोठे गेली? 

दुसरी : ग्रंथालयाचे कपाट उघडे असते की त्याला कुलूप असते? प्रयोगशाळेत मुलांचे हात लागतात की फक्त आकृत्या काढून घेतात?

तिसरी : मूल वर्गात प्रश्न विचारू शकते का? चुकल्यावर त्याचा अपमान होतो का? सर्व मुले एकत्र बसून जेवतात का?

चौथी : शिक्षकांच्या जागा किती रिकाम्या आहेत, आणि असलेल्या शिक्षकांना शिकवण्याखेरीज किती कामे लावली जातात? या प्रश्नावर शिक्षक तुमचे सोबती आहेत. निकालाच्या दंडुक्याने त्यांनाही हाकले जाते, हे विसरू नका.

आणि घरी, मुलाला किती गुण पडले हे अवश्य विचारा. त्याबरोबर आज शाळेत तू कोणता प्रश्न विचारलास, हेही विचारा. आपल्या कामाची माहिती त्याला द्या. पगाराची चिठ्ठी त्याच्यापुढे ठेवा. भविष्यनिर्वाह निधी किती कापला, जादा तासांचे किती मिळाले, कंत्राटदाराने काय गिळले, हे त्याला मांडू द्या. त्याच्या गणिताला त्यातून बळच मिळेल.

कोणत्या शाळेचा निकाल चांगला, या तुमच्या प्रश्नाचे माझे उत्तर आता ऐका. जी शाळा कोणाला छाटीत नाही, तिचा निकाल चांगला. नव्वद टक्क्यांच्या फलकाखाली शोधूनही तुम्हांला न सापडणारी जी मुले असतात, ती जिच्या वर्गात अजून बसलेली आहेत, ती शाळा चांगली. तशी शाळा आयती मिळत नाही. ती पालकांनी, शिक्षकांनी आणि कामगारांनी मिळून भांडून घडवावी लागते.

ती मळकी वही मी त्या मुलीला परत दिली होती. तिच्या प्रश्नाचे उत्तर मात्र शाळेने दिले नाही. ते देणे आपल्यावर उरले आहे.